पगडीच्या डब्यातला शंख

आमच्या घरातल्या कुणालाही विचारा, नानाची शंखाची गोष्ट त्यांनी किती वेळा ऐकली आहे. ते कपाळाला हात लावतील. लग्नघरी पोरं जमली की मी ती सांगतो, कुणी तापानं पडलं तर उशाशी बसून सांगतो, श्राद्धाच्या दिवशी पानं वाढायला उशीर झाला तेव्हा भुकेल्या ब्राह्मणांनाही एकदा सांगितली आहे. बायको म्हणते, "यमदूत आले तर हे त्यांनाही पाटावर बसवतील आणि आधी शंखाची गोष्ट ऐकवतील. ते बिचारे हात हलवत परत जातील."

आणि तरी ती गोष्ट मी आजवर एकदाही सांगितलेली नाही. बायकोला नाही, मुलांना नाही. सांगतो तो तिचा वरचा पदर. खालचं काय आहे ते फक्त मला माहीत आहे, आणि — नाही, आणखी कुणाला नाही. तुम्हाला का सांगतोय? तुम्ही आमच्या घरातले नाही म्हणून असेल. तुम्ही माझ्या मांडीवर बसून हसला नाहीत, म्हणून.

आधी वरचा पदर सांगून टाकतो. त्याशिवाय मला सुरुवातच करता येत नाही. वर्षानुवर्षांची सवय.

समुद्राच्या दरबारात एक कारकून होता. दरबारात खेकड्याला तलवारी होत्या, कासवाला ढाल होती, कारकुनाला काय? एक पागोटं. तेवढंच. पण पागोटं मोठं झोकदार. आणि कारकून भारी भित्रा. राजानं हिशोब विचारला, की हा आपल्याच पागोट्यात शिरायचा आणि आतून दार लावून घ्यायचा. मग राजानं दारावर टिचकी मारायची, "कारकूनसाहेब आहेत का?" आणि आतून — इथे मी नाक दाबून बोलतो — "साहेब कचेरीत गेलेत. उद्या या."

इथे पोरं लोळतात. माझी पोरं तर जास्तच, कारण त्यांचा बाप कारकून होता आणि दारी कुणी नको असलेला माणूस आला की फडताळाआड उभा राहून बायकोकडून हेच सांगवत असे. गोष्ट फार लांबून आणावी लागली नव्हती.

शंख अजून घरात आहे. लहानशा कांद्याएवढा. देवापुढच्या शंखासारखी त्याला चोच नाही, वाजवताही येत नाही. एकावर एक वेढे, खाली रुंद आणि वर निमुळते होत गेलेले, कुणी सवडीनं बसून बांधलेलं पागोटंच. रंग हिरवट तपकिरी, मध्ये मध्ये काळसर ठिपके. तोंड गोल, आतून मोत्यासारखं चकचकीत. मी आणला तेव्हा त्या तोंडात एक पांढरट दगड बसवलेला होता. अर्ध्या सुपारीसारखा, फुगीर, गुळगुळीत, आणि इतका नेमका की कडेनं नखही आत जाईना.

मला वाटलं, निसर्गानं जडवलेलं रत्न आहे.

तुम्ही हसाल. कोळ्याचं शेंबडं पोरही मला सांगू शकलं असतं की काय आहे ते. पण मी कुणाला विचारलं? आम्ही गिरगावात राहणारे, समुद्र आम्हाला हाकेच्या अंतरावर, पण आमच्या घरात मासळी शिजत नाही, त्यामुळे समुद्राशी आमची ओळख चौपाटीवर हवा खाण्यापुरती. कचेरीला कसलीशी सुट्टी होती. ओहोटीच्या वेळी वाळकेश्वराखालच्या खडकांवर गेलो होतो, एका घळीत हा दिसला. उचलायला लागलो तर खडकाला धरून बसला होता. जोर लावावा लागला. जोर लावावा लागतो म्हणजे पलीकडून कुणीतरी धरतंय — एवढं तरी डोक्यात यावं की नाही? डोक्यात आली ती गोष्ट. कारकुनाची. घरी पोचेपर्यंत ती तयार झाली होती.

बायकोनं उंबऱ्यावरच अडवलं. "समुद्रावरचं समुद्रावर ठेवावं. ते हाडूक घरात नको."

"अगं, हाडूक कुठलं? रत्न आहे."

"मग सोनाराकडे ठेवा."

म्हणून मी तो लपवला. सणासमारंभाला घालायची माझी एक जरीची पगडी होती, ती वेताच्या गोल डब्यात असे. डबा फळीवर, हात वर करून काढावा लागे; बायको त्याला हात लावत नसे. पगडीच्या आतल्या पोकळीत शंख ठेवून दिला. पागोट्यात पागोटं. ती तुळशीपाशी गेली की मी तो काढायचो, मुलं टिचकी मारायची, मी नाक दाबायचो. चार-आठ दिवस ही मजा चालली. तेवढ्या दिवसांत दार घट्ट बंद होतं. आता कळतं, घट्ट का होतं ते.

हे गाठीच्या तापाच्या पहिल्या हिवाळ्यातलं. शहर रिकामं व्हायला लागलं होतं. ज्याला गाव होतं तो गावी निघाला होता. मीही बायकोमुलांना आगबोटीनं कोकणात पाठवलं. धाकटीनं धक्क्यावर माझ्या कानात विचारलं होतं, "कारकुनाला एकटं वाटेल का?" मी म्हटलं, "मी आहे ना सोबतीला." मग पडावात बसून ती हात हलवत राहिली आणि मी कचेरीत गेलो. कचेरी बंद नव्हती. कारकुनांना गाठीचा ताप होत नाही असा साहेबांचा समज असावा.

एकटं घर कसं असतं, ते मला तोवर माहीत नव्हतं. मी बोलणारा माणूस. सकाळी उठून तोंड उघडावं तर ऐकायला चूल, आणि तीही विझलेली. वाडीत दहा बिऱ्हाडांपैकी सातांना कुलपं. समोरच्या यमूताई राहिल्या होत्या, कारण त्यांना चालवत नव्हतं. आणि माझ्या भिंतीला लागून भिकोबा.

भिकोबा पगडीबंद. मूळचा पुण्याकडचा. माझ्यापेक्षा बराच मोठा, एकटा, बायको कधीच वारलेली. आमच्या दोघांच्या खोल्यांमध्ये भिंत म्हणजे नुसत्या फळ्या. तो पलीकडे शिंकला की मी अलीकडे "शतायु" म्हणायचो. खोलीत त्याची लाकडी डोकी. पगड्या ज्यावर बांधतात ते ठोकळे. लहान, मोठे, चपटे, लांबट. बापाकडून आलेली होती ती, हातांनी गुळगुळीत झालेली. त्यांना त्यानं नावं ठेवली होती. हा वकील, हा शेटजी, हे शास्त्रीबुवा. मला म्हणायचा, "बघा नाना, एवढी थोर माणसं माझ्या घरात मुक्काम ठोकून आहेत, आणि एकालाही अक्कल नाही."

"आणि माझं डोकं कुठलं?"

"तुमच्यासाठी वेगळं कशाला? शास्त्रीबुवांचंच चालतं. आत गोष्टी आहेत म्हणून जरा फुगलंय एवढंच."

वाडी रिकामी झाल्यावर आम्ही संध्याकाळी उंबऱ्यावर बसायचो. भात त्याचा, आमसुलाचं सार माझं. त्याला गिऱ्हाईक नव्हतं. लग्नं नाहीत, दरबार नाहीत, पगडी कोण बांधून घेणार? तरी तो रोज खळ शिजवायचा आणि उगाच एखादी जुनी पगडी उसवून पुन्हा बांधायचा. "हात विसरले तर मी काय उरतो?" असं म्हणायचा. एका संध्याकाळी मी त्याला शंख दाखवला. गोष्ट सांगितली. मुलं नव्हती, म्हणून त्याला सांगितली. तो पोरासारखा हसला. मग शंख फिरवून फिरवून बघत राहिला.

"ही बांधणी बघा," तो म्हणाला. "शेवट कुठे खोचलाय ते दिसत नाही. माझ्या बापालासुद्धा हे साधलं नसतं." मग त्या पांढऱ्या दगडावर टिचकी मारून म्हणाला, "दार लावून बसलाय. आत बिऱ्हाड आहे हो, नाना."

आम्ही दोघंही हसलो. तोही थट्टेनंच बोलला होता. मी शंख पगडीत ठेवला, पगडी डब्यात, डबा फळीवर. त्याच फळ्यांच्या भिंतीला ठोकलेली ती फळी.

नंतर काही दिवसांनी वास यायला लागला.

तुम्ही त्या दिवसांत मुंबईत नसाल तर वासाचा अर्थ तुम्हाला सांगायला हवा. आधी उंदीर पडतात, मग माणसं. हे डॉक्टरांच्या आधी आम्हाला वाड्या-चाळींतून कळलं होतं. उंदीर पडला म्हणजे त्या खोलीनं उठायचं, असा न लिहिलेला कायदाच झाला होता. आणि उंदीर येतात कुठे? जिथे खळ असते तिथे. भिकोबाच्या खोलीत खळीची मडकी, कणकेची पोती, कापडाचे गठ्ठे. रात्रंदिवस त्याच्याकडे खुडबुड चालायची, तो स्वतःच सांगायचा, "माझी गिऱ्हाइकं गेली, पण ही शेपटीवाली इमानी आहेत."

त्या सकाळी यमूताई दारात पदर नाकाला लावून बसल्या होत्या. घरमालकाचा कारभारी भाड्याच्या फेरीला आला होता, तो चौकात थबकला. वास खराच भयंकर होता. गोड आणि कुजका, घशात बसणारा. मी दोन रात्री तो घेत झोपलो होतो आणि मनात म्हणत होतो, भिकोबाकडे पडला एखादा. म्हणत होतो, आणि त्याला बोललो नव्हतो.

"कुणाकडून येतोय?" कारभाऱ्यानं विचारलं.

भिकोबा दारात उभा होता, हाताला खळ. यमूताई म्हणाल्या, "नाना काय ते सांगतील. भिंत त्यांची लागून आहे."

मी सांगितलं, "भिंतीपलीकडून येतोय."

त्या क्षणी मी खोटं बोललो नव्हतो. मला तसंच वाटत होतं. हे इथे नोंदवून ठेवतो, कारण यापुढे माझ्या बाजूनं लिहिण्यासारखं काही नाही.

भिकोबानं माझ्याकडे पाहिलं. रागानं नाही. मान हलवली आणि म्हणाला, "असेल. शोधतो मी." कारभारी तपासणीवाल्यांना आणायला निघून गेला.

मी खोलीत आलो. मनात आलं, ते लोक येतील, कौलं काढतील, चुना मारतील, माझ्याही खोलीत शिरतील. जरीची पगडी आधी कुठेतरी हलवावी. असल्या वेळी माणसाला आपली पगडी आठवते. हात वर करून डबा काढला. झाकण उघडलं.

दार उघडलं होतं त्यानं.

तो पांढरा दगड बाजूला कलला होता. आणि त्याच्यामागून बाहेर आलेलं ते — मांस होतं. तपकिरी, सैल, पाझरलेलं. माझ्या जरीवर, पगडीच्या अस्तरावर. किती दिवस त्यानं दार लावून वाट बघितली असेल? भरतीची? मी टिचकी मारत होतो, मुलं हसत होती, आणि आत कोणीतरी पाणी येईल म्हणून बसून होतं. मला भडभडून आलं, पण खरं सांगतो, ते त्या जीवासाठी नव्हतं. नाकासाठी होतं.

आणि त्याच वेळी फळीपलीकडून भिकोबाचा आवाज आला. तो चारी पायांवर खोलीभर शोधत असावा, कारण आवाज जमिनीपासून येत होता. "नाना," तो म्हणाला, "सापडत नाही हो. कुठे शिरून मेलाय कोण जाणे."

फळी म्हणजे किती जाड? अंगठ्याएवढीसुद्धा नाही. मी तोंड उघडायचं आणि म्हणायचं, "भिकोबा, थांबा. इकडे आहे." एवढंच. कारभारी अजून नाक्यापर्यंतही पोचला नसेल. यमूताई दोन शिव्या देतील, मग हसतील. वाडीभर माझं हसं होईल — ब्राह्मणाच्या पगडीत मेलेली गोगलगाय. आणि मी, सगळ्यांना हसवणारा मी, त्या हसण्याला भ्यालो? की "भिंतीपलीकडून" हे चारचौघांत बोललेलं परत गिळायला भ्यालो? की उंदीर नसला तरी मेलेलं काहीतरी माझ्याकडे निघालं, म्हणून मलाच उचलून नेतील, याला भ्यालो? मी पुष्कळदा तपासलं आहे. प्रत्येक वेळी वेगळं उत्तर येतं, आणि प्रत्येक उत्तर मला जरा बरं दाखवण्यासाठी आलेलं असतं.

मी बोललो नाही. म्हणजे बोललो. "नीट बघा," असं म्हणालो. "पोत्यांमागे बघा."

मग मी शंख टमरेलात टाकला.

आता हे ऐका, कारण ही युक्ती मला सुचली आणि तिचा त्या घटकेला मला अभिमानही वाटला. आमच्या वाडीत हातात टमरेल घेतलेल्या माणसाला कुणी हटकत नाही. त्याच्याशी कुणी बोलत नाही, त्याच्याकडे कुणी बघत नाही. ही आमची सभ्यता. टमरेलात पाणी ओतलं, वर हात धरला आणि मागच्या आवाराकडे निघालो. भिकोबा हवेसाठी दाराशी आला होता. घामानं भिजलेला, डोक्याला जळमटं. त्यानं टमरेल पाहिलं आणि शिष्टाचारानं तोंड भिंतीकडे फिरवलं.

त्याच्या पाठीमागून मी तो वास घेऊन गेलो.

संडासात मी एका काडीनं जेवढं निघालं तेवढं काढलं. शंख धुतला. तो दगड, ते दार, हाताला चिकटलं होतं, तेही धुतलं. परत आलो तेव्हा वास घरात तसाच होता. पगडीत मुरला होता, फळीत मुरला होता. एवढं करून काहीच साधलं नव्हतं, एक सोडून. आता तो वास कशाचा, हे कुणालाच कळणार नव्हतं.

दुपारी ते लोक आले. उंदीर सापडला नाही. सापडला नाही याचा अर्थ तो फार आत आहे, असा काढला गेला. कौलं काढली, खळीची मडकी फोडली, पोती, गठ्ठे, अंथरूण सगळं चौकात आणून ढीग केला. मला म्हणाले, या भिंतीला लागून तुमचं काही असेल तर तेही द्या. मी पगडी आणून दिली. माझ्या हातानं. "वास लागलाय हिला," मी म्हटलं. केवढं खरं बोललो.

कापड भुरकन पेटलं. डोकी पेटेनात. हातांचं तेल मुरलेलं जुनं लाकूड ते, धुमसत राहिलं. वकील, शेटजी, शास्त्रीबुवा. भिकोबा बाजूला उभा राहून एकेकाकडे बघत होता. माझी पगडी जळताना मात्र त्यानं पटकन एक पाऊल पुढे टाकलं आणि मग थांबला. ती त्याच्याच हातची होती.

त्याला शिवेकडच्या माळावर नेणार होते, झोपड्या घातल्या होत्या तिकडे. संशयितांनी तिथे राहायचं. एक लोटा आणि अंगावरचं धोतर घेऊन तो निघाला. वाडीच्या तोंडापर्यंत गेला, आणि शिपायाला काहीतरी सांगून परत आला. माझ्यापुढे उभा राहिला. जवळ नाही, चार हात लांब, मला काही लागू नये म्हणून.

"नाना," तो म्हणाला, "तुम्ही मुलाबाळांचे. माझ्या खळीपायी तुमच्या दारात मरण आणलं मी. आणि पगडीही गेली तुमची. मला क्षमा करा."

आणि मी —

हे लिहायला मला किती दिवस लागलेत, तुम्हाला कल्पना नाही. बाकीचं सगळं मी केव्हाच मनात लिहून ठेवलं होतं. इथे येऊन लेखणी खाली ठेवत होतो.

मी म्हणालो, "असू दे, भिकोबा. होतं असं."

मी त्याला क्षमा केली.

शंख, टमरेल, पगडी, हे एका घाबरट माणसाचे उद्योग म्हणून तुम्ही कदाचित ऐकून घ्याल. पण ते दोन शब्द मी घाबरून म्हटले नव्हते. म्हणताना मला जरा मोठं वाटलं होतं. आवाजही मऊ केला होता. त्याचे डोळे भरून आले, आणि मला ते बघून बरं वाटलं.

माळावर तो धडधाकट राहिला. ताप नाही, गाठ नाही. मुदत संपल्यावर परत यायला तयार होता. कारभारी मला विचारायला आला, "नाना, तुमची भिंत आहे. त्याला परत घ्यावा का? तुम्ही हो म्हणाल तर घेतो." मी म्हटलं, "यमूताईंना विचारा." यमूताई काय म्हणणार होत्या ते मला माहीत होतं.

उन्हाळ्यात बायकोमुलं परत आली. तोवर शंख कोरडा, स्वच्छ, वास गेलेला. बायकोनं पगडीचा डबा रिकामा पाहून विचारलं, मी म्हटलं, "प्लेगात गेली." ती म्हणाली, "पगडीवर भागलं म्हणायचं," आणि देवाला साखर ठेवली. धाकटीनं शंखाचं उघडं तोंड बघून विचारलं, "कारकून कुठे गेला?" मी म्हटलं, "राजानं त्याला बढती दिली." त्या दिवसापासून गोष्टीला शेवटही मिळाला. चांगला शेवट आहे. पोरांना आवडतो.

भिकोबाच्या खोलीत दुसरं बिऱ्हाड आलं. फळीपलीकडून शिंक आली की मी काही म्हणत नसे.

मग, वर्ष-दीड वर्ष गेलं असेल, दिवाळीच्या आधी एका सकाळी तो आमच्या दारात उभा. वाळला होता. परळला बहिणीच्या जावयाकडे राहत होता, गिरणीत सुताची ओझी उचलत होता. बगलेत लाल कापडाची गुंडाळी. बायकोनं पाट दिला, पण तो ओटीवरच बसला.

"तुमची पगडी माझ्यापायी गेली होती," तो म्हणाला. "ती डोक्यात राहिलीय. कापड आणलंय. जरीचं नाही, पण बांधून देतो."

"अहो भिकोबा, कशाला —"

"गप बसा, नाना. एवढं करू द्या मला."

"पण ठोकळा?"

त्यानं धोतर वर करून मांडी घातली आणि एक गुडघा उभा केला. "डोकी जळाली. आता हा," म्हणाला. "याच्यात शास्त्रीबुवांपेक्षा थोडी जास्त अक्कल असेल. तुमचं माप मला पाठ आहे."

आणि तो गुडघ्यावर माझी पगडी बांधायला लागला. घडी, पीळ, वेढा. हात विसरले नव्हते. मुलं भोवती जमली, आणि जमल्यावर त्यांनी जे मागायचं तेच मागितलं. नाना, शंखाची गोष्ट. धाकटी धावत जाऊन शंख घेऊन आली.

मला तेव्हा पोटात दुखू शकलं असतं. कचेरीला उशीर होऊ शकला असता. पण मी गोष्ट सांगितली. त्याच्यासमोर. दरबार, खेकडा, कासव, सगळं. कदाचित नेहमीपेक्षा चांगली सांगितली. सगळ्यांत मोठ्यानं भिकोबा हसला. त्याच्या हातातला पीळसुद्धा सैल पडला. मग त्यानं एका हातानं पगडी धरली, दुसऱ्या हातानं धाकटीकडून शंख घेतला, आणि टिचकी मारायला बोट पुढे केलं.

मारायला काही नव्हतं. नुसतं तोंड.

त्यानं तो डोळ्याजवळ नेला. आत बघितलं. मग माझ्याकडे बघून, त्या जुन्या उंबऱ्यावरच्या थट्टेच्या सुरात म्हणाला, "बिऱ्हाड उठलं वाटतं याचं."

मुलं माझ्या तोंडाकडे बघत होती. मी नाक दाबून काहीतरी बोलेन म्हणून.

"हो," मी म्हटलं. "बरेच दिवस झाले."

त्यानं शंख हळूच ओटीवर ठेवला. शेवटचा वेढा दिला, पदर आत कुठेतरी खोचला, कुठे ते दिसलं नाही. उठून माझ्यासमोर आला आणि दोन्ही हातांनी पगडी माझ्या डोक्यावर ठेवली, जरा मागे सरून बघितली, कपाळावर एक बोट खाली ओढली. "बघा," म्हणाला.

त्यानंतर तो आला नाही. परळ काही काशी नाही. ट्रामनं जाऊन अर्ध्या दिवसात परत येता येतं. मी गेलो नाही. त्याचं काय झालं ते मी कुणाला विचारलं नाही.

पगडी अजून आहे. लग्नकार्यात तीच घालतो, आणि पोरं जमली की तीच डोक्यावर ठेवून गोष्ट सांगतो. इतक्या वर्षांत एकदाही सैल झाली नाही. बरोबर बसते.